अहवालातली ती एक ओळ

(या वेळचं पत्र सांगली जिल्ह्यातून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून, थोडं आवरतं घेऊन देते आहे.)

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ३६ वर्षांची, माध्यमिक शाळेत शिकवते. ह्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात. लग्नाला अकरा वर्षं झाली. चार वर्षं दवाखाने केले, मग दोघांनी ठरवून ते थांबवलं आणि दत्तकासाठी ‘कारा’कडे, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, नाव नोंदवलं. तीन वर्षांहून जास्त वाट पाहिली. गेल्या आठवड्यात पोर्टलवर एका मुलीचा फोटो आला. चौदा महिन्यांची आहे. फोटोत तिनं एक स्टीलची वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली आहे. तो फोटो मी किती वेळा पाहिला याला गणती नाही. ४८ तासांत कळवायचं असतं, आम्ही मूल राखून ठेवलं. त्यानंतरच्या ३० दिवसांत पुढचं सगळं व्हायला हवं. त्यातले आठ दिवस गेले.

अहवालात एक ओळ आहे : ‘जन्मदाती आई मनोरुग्ण, स्किझोफ्रेनिया, रुग्णालयात दाखल.’ वडिलांची काहीच माहिती नाही. ओळ आम्ही वाचली होती, पण फोटोपुढं ती डोक्यात शिरलीच नाही. नंतर ह्यांनी थोरल्या दिरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, ‘विकतचं दुखणं कशाला घेता?’ सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘रक्त आहे बाई, ते कुठं जातंय?’ त्या दिवसापासून हे गप्प आहेत. विचारलं की म्हणतात, ‘तू म्हणशील तसं.’

मला खरं काय ते सांगा. हा आजार तिला होणारच का? एखादी तपासणी करून आधी कळतं का? पुढं तिची आई बरी होऊन तिला न्यायला आली तर? आणि आम्ही ‘नाही’ म्हटलं, तर आम्ही वाईट माणसं ठरतो का?

तुमची,
वाटीवालीची (कदाचित) आई

---

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सहीतला कंसातला शब्द वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. बावीस वर्षं मी मनोरुग्णांच्या वॉर्डात समाजसेविका म्हणून काम केलं. मुलीच्या आईच्या बाजूचं जग मी जवळून पाहिलेलं आहे. शिवाय माझ्या स्वतःच्या माहेरी हा आजार आहे. त्याबद्दल पुढं सांगतेच.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर. नाही, होणारच असं अजिबात नाही. न होण्याचीच शक्यता कितीतरी जास्त आहे. पण धोका इतरांपेक्षा अधिक आहे हेही खरं, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही.

कुठल्याही गावातली, कुठल्याही घरातली शंभर माणसं घ्या. त्यांतल्या साधारण एकाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास होणं, खोटे संशय मनात घट्ट बसणं असा मनाचा आजार, होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असेल, तर शंभर मुलांमागं दहाएक जणांना होतो. दोघांनाही असेल तर हा आकडा चाळिसाच्या आसपास जातो. तुमच्या मुलीच्या वडिलांची माहिती नाही, त्यामुळं आपण दहाच्या हिशेबानं चालू. म्हणजे एकाचे दहा झाले, दहापट झालं, आणि ऐकताना छातीत धस्स होतं. पण त्याच शंभरांत नव्वद मुलं अशी आहेत की त्यांच्या वाट्याला हा आजार येत नाही. दिरांना दहा दिसतात, तुम्हाला नव्वद दिसावेत अशी इच्छा आहे, आणि निर्णय घ्यायचा तर दोन्ही आकडे समोर ठेवूनच घ्यायला हवा. नैराश्यासारख्या इतर त्रासांचा धोकाही अशा मुलांत काहीसा वाढलेला असतो, तेही याच हिशेबात धरा.

आपण ‘रक्त’ म्हणतो ते किती आणि घर किती, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी दत्तक गेलेल्या मुलांकडूनच मिळवलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात लिओनार्ड हेस्टन या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची अशी ४७ मुलं शोधून काढली, जी जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच आईपासून दूर गेली आणि दुसरीकडं वाढली. १९६६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. ४७ पैकी पाच जणांना मोठेपणी हा आजार झाला. निरोगी आयांच्या, तशाच दूर वाढलेल्या ५० मुलांत एकालाही झाला नाही. म्हणजे सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे, रक्त काही अंशी येतंच. पण ४७ पैकी ४२ जणांना तो आजार झाला नाही, हेही त्याच कागदावर आहे.

दुसरं काम फिनलंडमधलं. पेक्का तिएनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक वर्षं अशी मुलं आणि त्यांची दत्तक घरं यांचा पाठपुरावा केला. घरात माणसं एकमेकांशी कशी बोलतात, टाकून बोलणं किती, भांडणं किती, सांगायचं ते सरळ सांगतात की कोड्यात, हे त्यांनी घरी जाऊन पाहिलं. निष्कर्ष असा की, आईकडून धोका आलेली जी मुलं सतत ताणाच्या, टोचून बोलणाऱ्या घरात वाढली, त्यांच्यात या जातीचे आजार बरेच जास्त दिसले. तसाच धोका घेऊन जी मुलं मोकळ्या, शांत घरात वाढली, त्यांच्यात ते कितीतरी कमी दिसले. ज्या मुलांना आईकडून धोका आलाच नव्हता, त्यांना मात्र घर कसंही असलं तरी या बाबतीत फारसा फरक पडला नाही. म्हणजे काही रोपांना ऊन जरा जास्त लागतं, त्यांना सावली द्यावी लागते.

यावरून कुणी असं समजू नये की आईबापाच्या वागण्यानं स्किझोफ्रेनिया होतो. एके काळी डॉक्टरसुद्धा आयांना दोष द्यायचे आणि त्यात कित्येक आया आतल्या आत जळाल्या. सगळं नीट करूनही आजार येऊ शकतो. आला तर तो तुमचा गुन्हा नसेल. तिच्या आईचाही नाही.

तपासणीचं विचारलंत. रक्त तपासून, जनुकं तपासून, मेंदूचा फोटो काढून एखाद्या लहान मुलाला पुढं स्किझोफ्रेनिया होईल की नाही, हे सांगणारी तपासणी आज नाही. कुणी जाहिरात दाखवली तरी पैसे घालवू नका. तुमच्या हातात दुसरी एक गोष्ट आहे आणि ती जास्त उपयोगाची आहे : ती ओळ खोदून काढा.

‘मनोरुग्ण’ हा शब्द सरकारी कागदावर फार सैलपणे पडतो. रस्त्यावर भटकणारी बाई पोलिसांनी आणली, ती स्वतःचं नाव सांगेना, की लिहिलं मनोरुग्ण. मतिमंदत्व असलेली मुलगी, फिट्स येणारी बाई, अत्याचारानं गोठून गेलेली बाई, सगळ्यांना मी हेच लेबल लागलेलं पाहिलं आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हजारात एक-दोन बायकांना तीव्र मानसिक आजाराचा झटका येतो, त्यात भास होतात, बाई ओळखू येईनाशी होते. तो झटकाही वरवर स्किझोफ्रेनियासारखाच दिसतो, पण तो वेगळा असतो आणि उपचारांनी बहुतेकदा पूर्ण उतरतो. तेव्हा मुलगी आता जिथं आहे त्या दत्तक संस्थेच्या समाजसेविकेला विचारा : निदान कुणी केलं, मानसोपचारतज्ज्ञानं की दुसऱ्याच कुणी? आजार बाळंतपणाआधीचा की नंतरचा? किती वर्षांपासूनचा? आईचं नाव-गाव ते सांगणार नाहीत, सांगूही नये. पण एवढी माहिती असेल तर द्यायला हरकत नसते.

आणि याहून महत्त्वाचं एक विचारा, जे कुणी विचारत नाही. गरोदरपणात आईला कुठली औषधं चालू होती? माझ्या अनुभवात लोक आनुवंशिकतेच्या काळजीनं अर्धे होतात आणि हा प्रश्न राहून जातो. फिट्ससाठी आणि मनाच्या काही आजारांसाठी सोडियम व्हॅलप्रोएट नावाचं औषध देतात. गर्भारपणात ते घेतलं गेलं असेल तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग दिसतं आणि दहातल्या तीन-चार मुलांची वाढ, बोलणं, शिकणं मागं पडू शकतं. पुढं वीस वर्षांनी काय होईल यापेक्षा हे आजच्या घडीला जास्त कामाचं. जन्माचं वजन, दिवस पूर्ण भरले होते का, लगेच रडली का, डोक्याचा घेर, कानांची तपासणी, सगळं पाहा. वैद्यकीय अहवाल तुमच्या पसंतीच्या डॉक्टरांना दाखवायची मुभा नियमांत आहे. एका बालरोगतज्ज्ञाला आणि एका मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. याच आठवड्यात. संस्थेत वाढलेली मुलं चालायला-बोलायला थोडी मागं असतात, घरी आल्यावर बहुतेक वेळा भराभर भरून काढतात, हेही डॉक्टर सांगतील.

आता माझ्या घरातलं.

माझी एक आत्या होती. आम्ही तिला नानी म्हणायचो. माजघराच्या मागं तिची खोली होती. दुपारी ती एकच नऊवारी पुन्हा पुन्हा घडी करत बसायची, काठाला काठ जुळवून, आणि कुणाशी तरी हळू आवाजात बोलायची. आम्हा मुलांना ती कधी ओरडली नाही. घरात पाहुणे येणार असले, विशेषतः कुणाचं स्थळ येणार असलं, की नानीला मागच्या दारानं शेजारच्या काकूंकडं नेऊन बसवायचे. ‘नानीला काय झालंय?’ असं मी एकदा विचारलं, तर आईनं तोंडावर हात ठेवला. नानीच्या आजाराला आमच्या घरात नावच नव्हतं.

पुढं माझा चुलतभाऊ एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. आधी त्याची झोप उलटी झाली. मग आंघोळ टाळायला लागला. मेसचं जेवण बंद केलं, त्यात काहीतरी मिसळतात म्हणाला. घरच्यांनी पहिल्यांदा म्हटलं, अभ्यासाचं टेन्शन आहे. मग म्हटलं, मुलीचं काहीतरी प्रकरण असेल. मग उतारे झाले, एका देवस्थानी अमावास्येच्या वाऱ्या झाल्या. दोन वर्षं गेली. ज्या घरात नानी तीस वर्षं राहत होती, त्या घरातल्या एकाही माणसाच्या तोंडून ‘हे नानीसारखंच तर नाही ना?’ हे वाक्य आलं नाही. सगळ्यांच्या मनात ते होतं, हे मला नंतर एकेकानं एकांतात सांगितलं.

या आजारात उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं चांगलं. ती दोन वर्षं माझ्या भावाला परत मिळाली नाहीत. तो आज गोळ्या घेतो, एका दुकानात हिशेब लिहितो, रविवारी भाचरांना क्रिकेट खेळायला नेतो. पण पदवी राहिली ती राहिलीच.

म्हणून तुमच्या मुलीच्या अहवालातली ती ओळ मला वेगळी दिसते. आमच्या घरात जे सगळ्यांना ठाऊक असून कुणी कुणाला सांगितलं नाही, ते तिच्या बाबतीत पहिल्याच पानावर लिहून आलं आहे. ती सतरा-अठरा वर्षांची असताना काही बिनसलं, तर तुम्ही दोन वर्षं उतारे काढत बसणार नाही. तुम्ही दोन आठवड्यांत डॉक्टरकडं असाल. पोटच्या मुलांच्या आईबापांना हे मिळतंच असं नाही. स्किझोफ्रेनिया होणाऱ्या बहुसंख्य माणसांचे आई आणि वडील दोघंही निरोगी असतात, त्यामुळं तो समोर येऊन उभा राहिला तरी ओळखू येत नाही.

दिरांच्या ‘विकतचं दुखणं’ला माझं उत्तर हेच. पण ते तुम्ही त्यांना ऐकवायला जाऊ नका. त्यांनी भावाच्या काळजीपोटीच म्हटलं असेल. सासूबाईंशी मात्र बोला. एखाद्या दुपारी, भाजी निवडताना, कुणी जवळ नसताना विचारा, ‘आई, तुमच्या माहेरी कुणाला असं काही होतं का?’ ‘रक्त कुठं जातंय’ असं बाई इतक्या ठामपणे म्हणते, तेव्हा तिनं पुष्कळदा जवळून काहीतरी पाहिलेलं असतं. आणि विचारताय तर एक कागद घ्या, तुमच्या दोन्ही घराण्यांतल्या तीन पिढ्या लिहा. कोण विहिरीत पडलं असं सांगतात, कोण घर सोडून गेलं, कुणाचं ‘डोकं फिरलं’, कोण दारूत संपलं. एकदा का खरं लिहायला बसलात, की तो कागद मुलीच्या अहवालाइतका कोरा राहणार नाही असा माझा अंदाज आहे. तुम्हाला पोटी मूल झालं असतं तर त्याच्याबरोबर हा सगळा कागद आला असता, आणि तो कुणी तुम्हाला वाचायला दिला नसता.

तुमच्या ह्यांचं ‘तू म्हणशील तसं’ मात्र मला खटकतं. ताई, दत्तकात एकाचं ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘बरं’ चालत नाही. मूल घरी आल्यावर पहिल्या तापात, पहिल्या हट्टात ते ‘बरं’ उघडं पडतं आणि ‘तुलाच हवी होती’ हे वाक्य घरात शिरतं. त्यांना भीती वाटतेय आणि ती बोलायला जागा मिळालेली नाही, एवढंच मला दिसतं. मानसोपचारतज्ज्ञांकडं जाल तेव्हा दोघं जा आणि प्रश्न त्यांना विचारू द्या. त्यांना सगळ्यांत वाईट काय होईल असं वाटतं, ते मोठ्यानं बोलू द्या. मध्ये समजूत घालू नका. पाटबंधारे खात्यातला माणूस आहे, धरण बांधताना पुराचा हिशेब आधी करतात हे त्यांना मी सांगायला नको.

तिच्या आईबद्दल तुम्ही फक्त भीतीपोटी विचारलंत, ते समजण्यासारखं आहे. कायद्याचं थोडक्यात सांगते. बाल कल्याण समितीनं मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरवल्याशिवाय ते तुमच्यापर्यंत येतच नाही. मानसिक आजारी पालकांच्या मुलांसाठीही २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं पद्धत घालून दिलेली आहे. दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्ट द्यायचं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हाधिकारी देतात. आदेश झाला की ती सर्व अर्थांनी तुमची मुलगी, जन्मघराचा कायदेशीर हक्क संपतो आणि दोन्हीकडची ओळख गोपनीय राहते. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेची समाजसेविका घरी येऊन पाहील, तिला परकी समजू नका, अडचणी सांगायला ते हक्काचं माणूस आहे. अठरा वर्षांची झाल्यावर मुलगी स्वतः आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकते. तो तिचा अधिकार आहे.

पण कायदा बाजूला ठेवून एक सांगू का? आमच्या वॉर्डात एक बाई होती. तिचं बाळ दुसरीकडं सांभाळायला दिलेलं होतं. तिला वार कळायचा नाही, स्वतःचं वय सांगता यायचं नाही. पण रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती सिस्टरच्या टेबलापाशी यायची आणि विचारायची, ‘प्यालं का ते?’ आम्ही ‘प्यालं’ म्हणायचो, मग ती जेवायला बसायची. मी तिथून निवृत्त झाले तरी सहा वाजले की मला तो प्रश्न ऐकू येतो. वाटीवालीची आई तुमच्या दारात येणार नाही. ती कशी आहे हे तुम्हाला कधी कळणारही नाही बहुतेक. पण तिच्याबद्दल घरात बोलताना शब्द जपून वापरा, कारण ते शब्द पुढं मुलगी स्वतःला लावून घेईल. ‘वेडी’ हा शब्द तुमच्या घरातून आजच हद्दपार करा. गमतीतसुद्धा नको.

मुलीला सांगायचं कधी? दत्तक असल्याचं पहिल्या दिवसापासून. तिला कळत नसतानाच सांगायला लागा, म्हणजे तुमच्या जिभेला सवय होईल. आजाराचं मात्र पायरीपायरीनं. पाच-सहा वर्षांची होईल तेव्हा ती विचारेल, ‘त्या आईनं मला का दिलं?’ इथं एक चूक पुष्कळ जण करतात. ‘ती आजारी होती’ एवढंच सांगून मोकळे होतात. मग तुम्हाला साधा ताप आला की मूल रात्रभर तुमचा पदर सोडत नाही. आई आजारी पडली की मूल देऊन टाकतात, असं त्यानं गणित मांडलेलं असतं. म्हणून पूर्ण सांगा : ‘तिला मनाचा एक मोठा आजार होता. तो तापासारखा नसतो. त्यात तिला बाळाची काळजी घेणं जमत नव्हतं. तुझ्यामुळं तो झाला नव्हता.’ शेवटचं वाक्य विसरू नका.

बारा-तेराव्या वर्षी आजाराचं नाव सांगा. पंधरा-सोळाच्या आत हेही सांगा की तुला थोडा जास्त धोका आहे, जसा मधुमेही आईबापांच्या मुलांना असतो, आणि तुझ्या हातात यातलं काय आहे. हा आजार बहुधा सतराअठरापासून तिशीपर्यंत डोकं वर काढतो, त्याआधी तिला माहिती हवी. तिच्या हातात दोन गोष्टी नक्की आहेत : झोप सांभाळणं आणि गांजापासून लांब राहणं. गांजानं, विशेषतः कोवळ्या वयात सुरू केला तर, या आजाराचा धोका वाढतो, आणि कॉलेजच्या पोरांना तो ‘नैसर्गिक’ वाटतो. भांडणाच्या भरात ‘आईच्या वळणावर गेलीस’ हे तुमच्या घरात कुणाच्याही तोंडून कधीही निघता कामा नये. मी दोन घरं या एका वाक्यानं मोडलेली पाहिली.

आणि तिच्यावर पाळत ठेवू नका. तेराव्या वर्षी दार आपटणं हे लक्षण नव्हे. काल्पनिक मैत्रिणीशी गप्पा मारणारी चार वर्षांची मुलगी अगदी ठीक असते. मोठेपणी सलग काही आठवडे झोप उलटी होणं, मित्रमैत्रिणी तुटणं, आंघोळ-कपड्यांची शुद्ध जाणं, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटणं, नसलेला आवाज ऐकू येणं, अशा गोष्टी एकत्र दिसायला लागल्या तर थांबायचं नाही. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. हा नंबर आताही चालतो, या आठवड्यात झोप लागत नसेल तर स्वतःसाठीही फिरवा.

ही माहिती कुणाकुणाला सांगायची, हे यापुढं जपा. दिरांना कळलं ते कळलं, त्यांना विनंती करा की पुढं नेऊ नका. शाळेत, शेजारी, भिशीत सांगायचं कारण नाही. ती ओळ मुलीची आहे. कुणाला सांगायची ते मोठी झाल्यावर ती ठरवेल. तिच्या डॉक्टरांना मात्र सांगा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला वाटतं पत्र लिहायला बसलात ते याच प्रश्नासाठी. नाही म्हटलं तर वाईट ठरता का? नाही ठरत. दहातला एक हा धोका काही घरांना पेलतो, काहींना नाही. घरात आधीच एक मोठं आजारपण असेल, दोघांपैकी एकाचं मन अजिबात तयार नसेल, तर आता, संस्थेत जाण्याआधी, ‘नाही’ कळवणं हे त्या मुलीवर उपकारच आहेत. तिला दुसरं घर मिळू शकेल. जे करू नये ते हे : भिडेपोटी हो म्हणायचं, घरी आणायचं आणि चार महिन्यांनी एखाद्या रात्रीच्या रडण्याला घाबरून परत नेऊन सोडायचं. परत आलेल्या मुलाचा चेहरा मी पाहिला आहे. ते मूल पुढच्या पाहुण्यांकडं बघतच नाही.

तुम्हाला जमेल असं माझं मत आहे, आणि ते मी मोकळेपणानं सांगते. ज्या बाईनं ती ओळ लपवायची नाही असं ठरवून अनोळखी माणसाला एवढं पत्र लिहिलं, तिच्या घरात आजाराचं नाव उच्चारता येईल. मला तेवढं पुरेसं वाटतं. पण निर्णय दोघांचा.

डॉक्टरांचं झालं आणि दोघांचं ‘हो’ आलं, तर संस्थेत जाताना एक वही न्या. औषधांचे, वजनाचे प्रश्न समाजसेविकेला विचाराच. मग तिला सांभाळणाऱ्या मावशींना गाठा. त्या घाईत असतील, थोडं थांबा. तिला झोपवताना काय म्हणतात, पोटावर झोपते की कुशीवर, वरणभात कालवलेला आवडतो की कोरडा भात, पाण्याला भिते का, ते लिहून घ्या. तिच्या अंगावरचं पांघरूण मागून घ्या आणि घरी आणल्यावर महिनाभर धुऊ नका, तिला ओळखीचा वास लागेल. आणि ती वाटी संस्थेची असेल तर त्यांना नवी आणून द्या, पण ती तिच्याबरोबर घरी आणा.